मेंदी आणि विटकरी

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत आजही रस्त्यावर धावणाऱ्या एखाद्या जुन्या डिझेल गाडीच्या वायरींना आमच्या मावससासऱ्यांचा हात कधीच लागलेला नाही, असं कुणी छातीठोकपणे म्हणत असेल तर त्याने ती गाडी माझ्या दारात आणून उभी करावी. मी बॉनेट उघडून त्यांच्या हातचा एक तरी जोड दाखवीन, नाहीतर मिशी उतरवीन. मावससासरे म्हणजे माझ्या बायकोच्या, वर्षाच्या, सख्ख्या मावशीचे यजमान. ती त्यांना काका म्हणते म्हणून मीही काका म्हणतो. ते मात्र मला, लग्नाला अठरा वर्षं होऊन टक्कल पडलं तरी, जावईबापूच म्हणतात. त्यांचं दुकान म्हणजे उल्हासनगरात रस्त्याकडेच्या एका बदामाखाली एक पत्र्याचा डबा, एक बाकडं आणि एक घडीचं स्टूल. पाटी कधी लावली नाही. “पाटी लावली की लोक स्कूटर घेऊन येतात,” असं ते अशा स्वरात म्हणत की स्कूटर हा एखादा त्वचारोग असावा. नव्या गाडीला तर ते हातही लावत नसत. “नव्या गाडीला आजार नसतो, वॉरंटी असते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. दहा-पंधरा वर्षं डिझेल प्यायलेली, तीन मालक बघितलेली, दार लावलं की काच आपोआप खाली येणारी पिकअप समोर आली की मात्र माणूस उजळून निघायचा.

गाडी आली म्हणून लगेच बॉनेट उघडायचं, ही त्यांच्या लेखी अडाणीपणाची कमाल. आधी मालकाने बाकड्यावर बसायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. मी अगदी पहिल्यांदा माझी पिकअप त्यांच्याकडे नेली तेव्हा घाईत म्हणालो होतो, “काका, अचानक लाइट गेले.” त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. “अचानक काही होत नाही जावईबापू. आपलं लक्ष अचानक जातं. कधीपासून मिणमिणत होते ते सांगा.” मग गाडी रात्री कुठे उभी असते, शेवटची धुतली कधी, तिच्यात पाहुणे कोण बसले, इथपर्यंत चौकशी झाली. आमच्या सोयरिकीच्या वेळी माझी एवढी चौकशी झाली नव्हती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका ड्रायव्हरची पिकअप दोन महिने तीन मेकॅनिकांना दाद देत नव्हती. डावं वळण घेतलं की सगळ्या गाडीचे दिवे गुल. काकांनी गाडीला हात न लावता अर्धा तास गप्पा मारल्या आणि विचारलं, “गाडीत नवीन काय आलं?” ड्रायव्हर म्हणाला, काही नाही, देवीचा फोटो तेवढा लावला. “कशावर लावला?” “खिळ्यावर.” तो खिळा थेट वायरींच्या जुडग्यात गेला होता. देवीला दुसरीकडे बसवली आणि गाडी चालू झाली. त्या ड्रायव्हरने पुढे महिनाभर एमआयडीसीभर सांगितलं की उल्हासनगरात एक म्हातारा आहे, तो नुसता विचारतो आणि गाडी बरी होते.

अवजार म्हणाल तर एकच. एका जुन्या इंडिकेटरचा बल्ब, त्याला लांबलचक दोन वायरी. त्याला ते दिवा म्हणत. एक टोक गाडीच्या बॉडीला टेकवायचं आणि दुसरं संशयिताला. दिवा पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही; यापलीकडे जगात जाणून घेण्यासारखं काही नाही असं त्यांचं ठाम मत होतं. आकडे दाखवणारं मीटर कुणी भेट दिलं होतं, ते त्यांनी दिव्याच्या वायरी गुंडाळायला वापरलं.

पण या सगळ्यावर कडी करणारा त्यांचा एक नियम होता. घडीच्या स्टुलावर मावशी बसल्याशिवाय ते कामाला हात घालत नसत. मावशी साड्यांना फॉल लावायचं काम करायच्या. मांडीवर कुणाची तरी साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, तोंडात सुई, अशा त्या बॉनेटच्या शेजारी बसून असायच्या. त्या हळदीकुंकवाला गेल्या, की धंदा बंद. एकदा एक सिंधी कापडवाला घामाघूम होऊन आला. टेम्पोभर माल चौकात अडकला होता. काका बाकड्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, “मॅडम नहीं है साईं. चार बजे आना.” तो बिचारा चक्रावला. “काम मॅडम करती है क्या?” “काम मैं करता हूँ. लेकिन मॅडम बैठेगी तब करता हूँ.” तो अर्धा तास डोकं फोडून गेला आणि चार वाजता परत आला, कारण तोवर आणखी दोघांनी त्याची गाडी पाहून हात टेकले होते. आमच्या सासरच्या मंडळींत काकांना बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणत. मीही म्हणायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आणखी एक गंमत होती. जगाला लाल, हिरवी, निळी वायर असते, काकांना नसे. त्यांच्याकडे साड्यांचे रंग: इंजिनाची वायर मेंदी, हॉर्नची विटकरी, हेडलाइटची चिंतामणी, वायपरची वांगी आणि अर्थिंगची काळी वायर म्हणजे चंद्रकळा. ते वायर उचलून मावशींसमोर धरायचे, मावशी चष्म्यावरून एकदा बघायच्या, तोंडातली सुई न काढता म्हणायच्या, “अंजिरी.” की काका पुढे. पुढची वायर. “लिंबू.” की पुढे. असं ते दिवसभर चालायचं. आसपासच्या पोरांनाही तीच भाषा लागली. स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन एकजण “दो मीटर मोतिया वायर दो” म्हणाला तेव्हा दुकानदाराने त्याला कापडबाजाराचा रस्ता दाखवला. धंद्यातलं गुपित कुणाला कळू नये म्हणून म्हाताऱ्याने केलेली ही सांकेतिक भाषा आहे, असं सगळे मानत. मला वाटायचं, हा त्या दोघांचा खेळ असावा. मूलबाळ नव्हतं, दिवसभर एकमेकांशी बोलायला काही तरी निमित्त लागतंच माणसाला.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यानंतर काकांनी डब्याला कुलूप घातलं ते काढलंच नाही. गाड्या बदामाखाली येऊन उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. काका घरात बसून असत. आम्ही बदलापूरला बेलवलीत राहतो, माझी लहानशी रोपवाटिका आहे. दर रविवारी वर्षा त्यांना जेवायला बोलवायची आणि ते दर रविवारी काही तरी सबब सांगायचे. अशात माझ्या पिकअपमध्ये उंदीर शिरले आणि डॅशबोर्डमागच्या वायरींचा त्यांनी फडशा पाडला. खरं सांगायचं तर मला उंदरांचा आनंदच झाला. म्हटलं, या निमित्ताने माणूस घराबाहेर पडेल. फोन केला. ते म्हणाले, “येतो.”

ते एकटेच डबा घेऊन रिक्षाने आले. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही, समोर बसवलं नाही, उंदीर कुठून आले याचा इतिहास मागितला नाही. मला लांब उभं राहायला सांगितलं, सावली पडते म्हणून. मध्येच एकदा एक वायर माझ्यासमोर धरून सहज विचारावं तसं विचारलं, “ही कशी दिसते जावईबापू?” मी म्हणालो, “मळलेली.” ते हसल्यासारखे झाले आणि पुन्हा आत वाकले. संध्याकाळपर्यंत सगळ्या वायरी जोडून, वर टेप गुंडाळून त्यांनी गाडी चालू करून दिली. चहाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी कुंड्या भरून निघालो आणि बदलापूर गावातल्या वळणावर एक म्हैस रस्त्यात बसलेली दिसली. मी हॉर्न दाबून धरला. इंजिन बंद. म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. मागे गाड्यांची रांग लागली. माझी गाडी सोडून सगळ्यांचे हॉर्न उत्तम वाजत होते. पुढच्या चार दिवसांत लक्षात आलं की हॉर्न टिचकीसारखा वाजवला तर चालतं, पण जरा लांबवला की गाडी मान टाकते. उल्हासनगरच्या बाजारात हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे तोंडाला पट्टी बांधून मासळी विकणं. मी खिडकीतून हात बाहेर काढून “ओ काका, बाजूला! ओ ताई, जरा सरका!” असं ओरडत गाडी हाकू लागलो. एका म्हाताऱ्याने तर मला थांबवून विचारलं, “हॉर्न नाय का रं तुज्या गाडीला?” मी म्हटलं, आहे, पण वाजवायचा नाही.

काका पुढच्या रविवारी आले. त्याच्या पुढच्याही. दिवा लावत, टेप उकलत, पुन्हा गुंडाळत. किल्ली फिरवली की सगळीकडे दिवा पेटायचा. सगळं बरोबर दिसायचं. आणि हॉर्न लांबवला की इंजिन बंद. रविवारमागून रविवार गेले. दरवेळी ते थोडे अधिक वाकलेले दिसत. एका संध्याकाळी हात पुसता पुसता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “जावईबापू, पुढच्या रविवारी हा फॉल्ट शेवटचं बघतो. नाही सापडला तर डबा भंगारवाल्याला. परत दिवा हातात धरायचा नाही.” मी म्हटलं, काका, असं काय बोलता, एका फॉल्टसाठी? ते म्हणाले, “एका नाही. ही गेल्यापासून मी एकही गाडी नीट केलेली नाही. तुमची पहिलीच घेतली.”

सोमवारी दुपारी जेवताना मी हे वर्षाला सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “त्यांना रंग दिसत नाहीत.”

मला आधी कळेचना. ती म्हणाली, “म्हणजे निळा कळतो, पिवळा कळतो. पण लाल, हिरवा, चॉकलेटी, हे सगळं त्यांना एकच मळकं दिसतं. जन्मापासून. मावशीच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी साडी आणली होती. म्हणाले, तुला आवडते तशी हिरवी आणली. ती होती विटकरी. मावशीने चूक न दाखवता ती नेसली, त्यांना म्हणाली, छान हिरवी आहे. आणि दिवाळी झाल्यावर शिवणाची पिशवी घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली ती कायमची. धंद्यात कुणाला कळलं असतं तर कोण गाडी देणार होतं? आंधळा वायरमन म्हणाले असते.” मी विचारलं, तुला हे कधीपासून माहीत? “माझ्या लग्नाच्या साड्यांना फॉल लावत होती तेव्हा सांगितलं. शपथ घातली होती, काकांना कळता कामा नये की मला माहीत आहे म्हणून.”

अठरा वर्षं माझ्या घरात हे गुपित पोळ्या लाटत होतं आणि मी त्या माणसाला मांजर म्हणत होतो. मला जेवण गेलं नाही. “मग आता?” मी विचारलं. वर्षा म्हणाली, “शपथ घालणारी गेली. काकांनी डबा विकला तर ती मला वर गेल्यावर सोडेल का?”

रविवारी काका आले. बॉनेट उघडून वाकणार, एवढ्यात वर्षा प्लास्टिकची खुर्ची आणि सुपात तांदूळ घेऊन अंगणात आली आणि गाडीला चिकटून बसली. काका म्हणाले, “तू कशाला गं उन्हात?” ती म्हणाली, “घरात उजेड कमी आहे. खडे दिसत नाहीत.” त्यांनी टेप उकलली आणि सवयीने पहिली वायर जरा वर उचलली. तांदळातून मान वर करून वर्षाने पाहिलं आणि म्हणाली, “चिंतामणी.”

काकांचा हात होता तिथेच राहिला. मी जिन्यापाशी उभा होतो. मला वाटलं, आता हे डबा उचलून चालते होणार. इतक्या वर्षांचं झाकलेलं एका शब्दात उघडं पडलं होतं. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मग त्यांनी खूप हळू दुसरी वायर वर उचलली.

“वांगी.”

तिसरी. “चंद्रकळा.” चौथी. “लिंबू.” आता त्यांचे हात पूर्वीसारखे चालू लागले. उचलायची, थांबायचं, ऐकायचं, पुढे जायचं. सगळ्यात खालच्या जोडाशी ते आले, टेप काढली आणि वायर धरली.

“मेंदी,” वर्षा म्हणाली. मग खुर्चीतून उठून जवळ गेली. “पण काका, हिला जोडलीय ती विटकरी आहे.”

“विटकरी हॉर्नची,” काका म्हणाले.

“हो.”

“आणि इंजिनाची मेंदी मी तिला जोडली.”

ते पायरीवर बसले. इंजिनाला आणि हॉर्नला एकाच बारीक वायरीतून करंट जात होता. हॉर्न लांबवला की दोघांचं भागत नव्हतं आणि इंजिन उपाशी राहायचं. दिवा दोन्ही वायरींवर सारखाच पेटत होता, तो बिचारा काय सांगणार. “इतके रविवार मी माझीच चूक शोधत होतो,” काका म्हणाले. मग वर्षाकडे बघून म्हणाले, “तुला तिने सांगितलं होतं.” वर्षाने मान हलवली. ते म्हणाले, “मला कधी रंग दिसलेच नाहीत गं. मी ते ऐकायचो. ती गेली आणि सगळ्या वायरी मुक्या झाल्या.” वर्षाने पदर डोळ्याला लावला. मीही उगाच कुंड्या इकडच्या तिकडे केल्या.

दहा मिनिटांत त्यांनी जोड बदलला. मी गाडी चालू केली आणि हॉर्न असा काही दाबून धरला की सगळी बेलवली गॅलरीत आली. इंजिन धडधडत राहिलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, कुणाची वरात आहे का? मी म्हटलं, आहे.

आता काका रविवारी आमच्याच अंगणात गाड्या बघतात. ड्रायव्हर लोक लांबून येतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या बाईकडे आदराने बघतात आणि मला बाजूला घेऊन विचारतात, “मॅडम क्या बोलती है?” मी सांगतो, मॅडम जो बोलती है वो गाडी सुनती है. मला हे सगळं फार आवडतं. तरी त्या रविवारचा चहा आठवला की मात्र मन जरा कुठल्या कुठे जातं.

काका पायरीवरच कप घेऊन बसले होते. वर्षा शेजारी. मी गाडीत बसून डॅशबोर्डचे स्क्रू आवळत होतो, खिडकी उघडी होती. काका म्हणाले, “वर्षा, एक विचारू का? त्या दिवशी हिला नेलं तेव्हा हिच्या अंगावर साडी कुठली होती?”

ती साडी रिवाजाप्रमाणे माहेरची होती. वर्षाच्या मामांनी आणलेली. मावशींना न्हाऊ घालून ती नेसवणाऱ्यांत वर्षा होती. काका म्हणाले, “मी समोरच उभा होतो. सगळे म्हणत होते, किती छान साडी, किती छान साडी. मला काही कळेना. विचारणार कुणाला? मेव्हण्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, समोर तर होतात. आणि जिला विचारायचं ती…”

वर्षा म्हणाली, “पोपटी होती, काका. अगदी कोवळ्या पानाची पोपटी. काठ राणी रंगाचे, त्यावर बारीक कुयऱ्या.”

“पोपटी,” काका म्हणाले. त्यांनी कप पायरीवर ठेवला. मग म्हणाले, “पोपटी शोभायचा का गं तिला?”

वर्षा म्हणाली, “फार शोभायचा, काका.”